फॉर्मवर खरे लिहा, पाण्यात श्वास घेत राहा

मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधीची गोष्ट. आम्ही कार्यालयातून येऊन चहा घेत बसलो होतो. खालच्या मजल्यावरच्या एक भगिनी मुलाला घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्या कापडाच्या दुकानात कामाला आहेत. मुलगा एकोणीस वर्षांचा, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. मित्रांबरोबर मालवणला जायचे ठरले होते आणि तेथे समुद्राखाली उतरून स्कूबा करायचा होता. "भाऊ, पाठवू का?" त्यांनी विचारले. मग मुलाला निमित्त काढून खाली पाठवले आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "लहानपणी त्याला दम्याचा त्रास होता. थंडीत अजूनही पंप लागतो. फॉर्मवर नाही लिहिले तर चालेल का? लिहिले तर घेणार नाहीत, आणि चार मित्रांत पोराचे हसे होईल."

त्यांना आम्ही काय सांगितले ते पुढे येईलच. पण हा प्रश्न एका घरापुरता राहिलेला नाही. आता कॉलेजच्या सहली मालवणला जातात, कारखान्यातील मुले गोव्याला जातात आणि मोबाईलवर माशांबरोबरचे फोटो पाहून घरोघरी मुलेमुली हट्ट धरतात. तेव्हा वाचक बंधू-भगिनींनो, आज याच विषयावर चार गोष्टी लिहितो. आम्ही काही पाणबुडे नव्हे. आम्ही शिकलो वाणिज्य शाखेत आणि आयुष्य गेले टेबलावर. परंतु या वाटेवर स्वतः ठेच खाल्ली आहे, आणि त्यानंतर जाणकारांकडून जे शिकलो तेच येथे मांडतो.

प्रथम एक गोष्ट सांगून टाकतो. आपल्या आधीच्या पिढ्यांना गावच्या विहिरीवर पाऊल ठेवू दिले नाही, तेथे पोहायला कोण शिकणार? शहरात आलो तर चाळीत नळाला रांग. त्यामुळे आपल्या अनेक घरांत पाण्याची भीती आहे, आणि ती भीती मुलांवर लादायची की मुलांना रीतसर पाण्यात उतरायला शिकवायचे, हे आपण ठरवायचे आहे. आमचे मत शिकवण्याच्या बाजूचे आहे. मात्र शिकणे आणि फोटोसाठी उडी मारणे यांत फरक आहे.

स्कूबा म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली श्वास घेणे. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी असे यंत्र तयार केले की माणूस श्वास ओढेल तेव्हाच, आणि पाण्याच्या दाबाला जुळेल इतकीच हवा त्यातून मिळावी. तोंडात धरायच्या त्या यंत्राला आज रेग्युलेटर म्हणतात. पुष्कळ लोक टाकीला 'ऑक्सिजनचा सिलिंडर' म्हणतात, ते चूक आहे. शिकणाऱ्यांच्या टाकीत तुम्ही-आम्ही घेतो तीच साधी हवा दाबून भरलेली असते. पाचातला एक भाग ऑक्सिजन, बाकी जवळजवळ सगळा नायट्रोजन. हा नायट्रोजन लक्षात ठेवा, त्याचे काम पुढे आहे.

पाण्याखाली जाण्याचे दोन प्रकार आहेत. पहिला म्हणजे सहलीतील तासाभराचा अनुभव. त्यात प्रशिक्षक तुम्हाला धरून नेतो, वर-खाली करणे त्याच्या हाती असते, पोहता आले नाही तरी बहुतेक ठिकाणी घेतात. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास चालते ते बहुतांशी हेच. दुसरा प्रकार म्हणजे खरे शिक्षण. त्यात तीन-चार दिवसांचा अभ्यास, तलावातील सराव आणि मग समुद्रातील बुड्या असतात, आणि शेवटी प्रमाणपत्र मिळते. पहिला प्रकार करून आलेला मुलगा "मी स्कूबा शिकलो" म्हणत असेल तर त्याला प्रेमाने दुरुस्त करा. एसटीत बसून आला म्हणून कोणी ड्रायव्हर होत नाही.

आता आमची ठेच. चार वर्षांपूर्वी कार्यालयातील मंडळींची सहल कोकणात गेली. धक्क्यावर एका माणसाने प्रत्येकाच्या हातात इंग्रजी फॉर्म दिला आणि म्हणाला, "नुसती सही करा, वाचत बसू नका, ओहोटीची वेळ होते." वाचकहो, आम्ही वीस वर्षे खिडकीत बसून लोकांचे फॉर्म तपासत आलो. एक रकाना मोकळा दिसला तरी माणसाला परत पाठवतो. आणि त्या दिवशी आम्ही स्वतः सगळ्या प्रश्नांपुढे 'नाही' अशी खूण करून सही ठोकली. आम्हाला रक्तदाबाची गोळी चालू होती. पण पैसे भरले होते, सहकारी हसत होते, आणि वय झाले असे कोणी म्हणू नये असे वाटत होते. खोटे लिहायला एवढी कारणे पुरतात.

होडीत मालवणचा एक तरुण आमचा प्रशिक्षक होता. त्याने फॉर्म बाजूला ठेवून एकेकाला तोंडी विचारले. आमच्याकडे आला तेव्हा आमचा चेहरा पाहून थांबला. आम्ही गोळीचे सांगून टाकले. तो म्हणाला, "काका, जा काय आसा ता खरा लिवा. पाण्यात मी तुमच्या मागे आसय, पण तुमच्या आंगात काय चल्ला हा ता माका कसा कळतला?" त्याने आम्हाला उतरू दिले नाही. पैसे परत मिळाले नाहीत. उन्हात होडीच्या फळीवर दीड तास बसून राहिलो, त्यात बोट लागली, ओकलो. त्या वेळी त्या पोराचा राग आला होता. आज वाटते, त्या पोराने आम्हाला सांभाळले. धक्क्यावरच्या माणसाला फक्त सही हवी होती.

त्या फॉर्मवर असते तरी काय? दमा व छातीचे आजार, हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह, फिट येणे, कान-नाक-सायनसचा त्रास किंवा शस्त्रक्रिया, मानसिक आजारावरचे उपचार, चालू असलेली औषधे, आणि स्त्रियांसाठी गरोदरपण. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना रक्तदाब, धूम्रपान, घरातील हृदयविकार यांबद्दल अधिक विचारतात. एखादे उत्तर 'होय' आले म्हणजे दार कायमचे बंद झाले असे नाही. डॉक्टरांनी तपासून लेखी संमती दिली की पुष्कळांना उतरता येते. म्हणून हे काम धक्क्यावर उभे राहून करायचे नाही. निघण्यापूर्वी पंधरा दिवस फॉर्म मागवा, इंग्रजी येत नसेल तर कळणाऱ्याकडून वाचून घ्या, आणि शंका असेल तर डॉक्टरांकडे जा.

असे प्रश्न का विचारतात, ते समजले की खोटे लिहायला हात धजत नाही. आपल्या अंगावर हवेचा दाब नेहमीच असतो. पाण्यात दर १० मीटर खोलीला तितकाच दाब आणखी वाढतो. म्हणजे १० मीटरवर दुप्पट, २० मीटरवर तिप्पट. दाब दुप्पट झाला की हवा निम्म्या जागेत मावते आणि दाब निम्मा झाला की तीच हवा दुप्पट फुगते. हा नियम रॉबर्ट बॉईल यांनी १६६२ साली मांडला. आपण तो शाळेत पाठ केला आणि विसरलो. आता विचार करा. १० मीटरवर टाकीतील हवेने फुफ्फुस भरून घेतले, घाबरून तोंड मिटले आणि तसेच वर आलात, तर ती हवा दुप्पट व्हायला पाहणार. फुफ्फुस काही फुगा नव्हे. ते फाटू शकते, आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतात.

म्हणून या विद्येचा पहिला नियम असा: पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही. ओढा, सोडा, ओढा, सोडा. सावकाश आणि सतत. तोंडातून रेग्युलेटर निघाला तरी तो परत मिळेपर्यंत बारीक बुडबुडे सोडत राहायचे. गावच्या नदीत बुडी मारताना आपण श्वास धरतो, तेथे ते ठीक आहे, कारण ती हवा वरून घेतलेली असते. टाकीतील हवेला तो नियम लागत नाही. आणि कमी पाण्यात धोका नाही असेही समजू नका. दाबातील सर्वांत मोठा बदल पहिल्या १० मीटरमध्येच होतो. छातीएवढ्या पाण्यातून भरलेल्या फुफ्फुसाने वर येतानासुद्धा इजा होऊ शकते.

आता दम्याचे पाहा. दम्याच्या झटक्यात श्वासाच्या बारीक नळ्या आवळतात. हवा आत जाते, पण नीट बाहेर पडत नाही. माणूस श्वास रोखत नसला तरी त्याच्या छातीत हवा अडकून राहते. आणि अडकलेली हवा वर येताना काय करते ते आताच पाहिले. शिवाय थंड पाणी, कोरडी हवा, भीती आणि श्रम ही सगळी दमा उठवणारी कारणे पाण्याखाली एकत्र येतात, आणि तेथे पंप मारता येत नाही. खालच्या मजल्यावरच्या भगिनींना आम्ही हेच सांगितले. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी लिहिले नसते तर मीच ढकलले असते." आम्ही म्हटले, ताई, तुम्ही विचारायला आलात, आम्ही तर विचारलेसुद्धा नव्हते.

दुसरी गोष्ट कानाची. एसटी घाट उतरताना कानाला दडे बसतात, ते सर्वांना ठाऊक आहे. पाण्यात तेच फार लवकर होते, दोन-तीन मीटरवरच कान दुखू लागतो. उपाय सोपा आहे. नाक चिमटीत धरायचे, तोंड बंद ठेवायचे आणि नाकातून हलकेच हवा सोडल्यासारखे करायचे. कानात 'टक्' होते आणि मोकळे वाटते. हे दुखण्याआधी करायचे, आणि खाली जाताना प्रत्येक मीटरला करायचे. मोकळे होत नसेल तर जोर लावायचा नाही. थोडे वर यायचे, पुन्हा करून पाहायचे. दुखणे सोसण्यात मर्दुमकी नाही, पडदा फाटला तर महिनोन् महिने त्रास.

म्हणूनच सर्दी-पडसे असताना पाण्याखाली जायचे नाही. नाक चोंदलेले असेल तर कान मोकळा होत नाही. गोळी घेऊन नाक मोकळे करून उतरणारे आहेत, तो आणखी घातक प्रकार. गोळीचा अंमल खालीच संपला तर वर येताना हवा कानात, कपाळात कोंडते. सहल ठरली होती, पैसे भरले होते, आणि नेमकी सर्दी झाली, तर पैसे गेले असे समजा. कान पैशांनी परत येत नाही.

तिसरी गोष्ट खुणांची. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून हाताच्या खुणा ठरलेल्या आहेत आणि त्या जगभर सारख्या आहेत. आपली माणसे एका खुणेत हमखास चुकतात. आपण 'छान आहे' म्हणून अंगठा वर करतो. पाण्यात अंगठा वर म्हणजे 'मला वर जायचे आहे.' अंगठा खाली म्हणजे 'खाली जाऊ.' सर्व ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा, बाकी तीन बोटे सरळ. काही बिघडले असेल तर पंजा आडवा धरून डावी-उजवीकडे हलवायचा आणि जेथे त्रास आहे तेथे बोट दाखवायचे. हवा कमी उरली तर मूठ छातीशी. हवा येतच नसेल तर हात गळ्यावरून आडवा फिरवायचा. होडीत बसण्यापूर्वी घरीच जेवणाच्या ताटावर भावंडांनी या खुणांचा सराव करावा. मुले हसतील, पण विसरणार नाहीत.

यातील अंगठा वर करण्याचा हक्क फार मोलाचा आहे. जोडीतील कोणीही, केव्हाही, कोणत्याही कारणाने ती खूण केली की बुडी संपली. कारण विचारायचे नाही, रागवायचे नाही, हसायचे नाही. आम्ही वर्षभराने डॉक्टरांची तपासणी करून, त्यांचे पत्र घेऊन पुन्हा त्याच किनाऱ्यावर गेलो. तोच तरुण भेटला. या वेळी उतरलो. चार मीटरवर उजवा कान दुखू लागला. दोनदा नाक धरून पाहिले, थोडे वर येऊन पाहिले, मोकळा होईना. समोर खडकावर निळ्या-पिवळ्या माशांचा थवा दिसत होता, अजून तीन-चार हात खाली. मन म्हणत होते, सोस थोडे, पुन्हा कधी येणार? तेवढ्यात होडीच्या फळीवर काढलेले दीड तास आठवले आणि आम्ही अंगठा वर केला. त्याने एका क्षणाचाही विलंब न लावता आम्हाला वर आणले. वर आल्यावर फक्त एवढेच विचारले, "खयचो कान?" तासाभराने त्याने पुन्हा विचारले, उतरायचे का, कान बरा वाटत नव्हता, आम्ही नको म्हटले. ते मासे आम्ही वरूनच पाहिले. पश्चात्ताप नाही.

ज्यांना पुढे जाऊन खरोखर शिकायचे आहे त्यांच्यासाठी थोडे सविस्तर. मालवणजवळ तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. गोवा, कर्नाटकात मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी बेट, आणि अंदमानात हॅवलॉक, ज्याचे नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे, येथेही शिकवतात. पॅडी या संस्थेचा 'ओपन वॉटर' हा पहिला अभ्यासक्रम सर्वांत परिचित. वय किमान १० वर्षे. आधी पुस्तकी भाग, मग तलावातील सराव, मग समुद्रात चार बुड्या. २०० मीटर न थांबता पोहून दाखवावे लागते, वेळेचे बंधन नाही, आणि १० मिनिटे पाण्यावर तरंगून दाखवावे लागते. म्हणजे तयारी समुद्रावर सुरू होत नाही, ती महानगरपालिकेच्या तरण तलावात सुरू होते. वर्षभर आधी मुलाला, आणि मुलीलाही, तेथे घाला. स्कूबा राहू द्या, पोहायला आले तरी कमाई झाली.

तलावात तीन गोष्टी घोटून घ्या. मास्कमध्ये पाणी शिरले तर मास्कची वरची कड कपाळाशी दाबून, मान किंचित वर करून नाकाने हवा सोडायची, पाणी खालून निघून जाते. रेग्युलेटर निसटला तर उजवा हात मागून पुढे फिरवून तो शोधायचा, तोंडात धरून एक फुंकर मारायची, मग श्वास घ्यायचा. आणि जोडीदाराच्या जादा रेग्युलेटरमधून हवा घ्यायची. तीनही गोष्टी भीती जाईपर्यंत करा. प्रशिक्षक घाई करत असेल तर "सर, आणखी एकदा" म्हणायला लाजू नका. पैसे आपण शिकण्याचे भरले आहेत.

हवेचा हिशोब आम्हा वाणिज्यवाल्यांना लगेच पटतो. टाकी भरलेली असते तेव्हा काटा साधारण २०० बारवर असतो. ही सुरुवातीची शिल्लक. ५० बार ही राखीव शिल्लक, तिला हात लावायचा नाही, तेवढी हवा घेऊनच वर यायचे. १० मीटरवर दाब दुप्पट, म्हणून प्रत्येक श्वासाला हवाही दुप्पट खर्च होते. घाबरून धापा टाकल्या तर खर्च आणखी वाढतो. म्हणून काटा दर काही मिनिटांनी पाहायचा. पगाराच्या शेवटच्या आठवड्यात पाकीट पाहतो तसा.

आता त्या नायट्रोजनचे काम. दाबाखाली तो रक्तात विरघळतो. सोड्याची बाटली हळू उघडली तर फेस येत नाही, एकदम उघडली तर उसळतो. शरीराचेही तसेच. झपाट्याने वर आलात तर नायट्रोजनचे बुडबुडे सांध्यांत, मज्जारज्जूत होतात. सांधे दुखतात, हातपाय बधिर होतात, लुळेपणाही येऊ शकतो. म्हणून वर येण्याचा वेग मिनिटाला सुमारे ९ मीटरपेक्षा अधिक नसावा. आपल्याच बारीक बुडबुड्यांच्या पुढे जाऊ नये, ही त्याची सोपी खूण. पाण्यावर येण्यापूर्वी ५ मीटरवर ३ मिनिटे थांबतात.

याच कारणाने बुडीनंतर लगेच विमानात बसत नाहीत. एकच बुडी झाली असेल तर किमान १२ तास, अनेक झाल्या असतील तर १८ तास थांबायचे. आपल्या माणसांना विमानापेक्षा घाटाचे अधिक सांगायला हवे. मालवणहून कोल्हापूर-बेळगावकडे जाताना आंबोली, फोंडा, गगनबावड्याचे घाट लागतात, आणि उंचावर हवेचा दाब कमी होतो. अभ्यासक्रमातील बुड्या संपवून त्याच संध्याकाळी घाट चढू नका. रात्रभर किनाऱ्यावर मुक्काम करा, आणि किती थांबायचे ते प्रशिक्षकाला विचारा. कोकण रेल्वेने मुंबईकडे येणाऱ्यांना ही अडचण नाही.

होडीतील काळजीही तितकीच महत्त्वाची. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचे प्राण गेले. पाण्याखालून सुखरूप वर आलेल्या माणसालाही किनारा गाठायचा असतो. होडीत बसल्यापासून उतरेपर्यंत लाईफ जॅकेट अंगावर, त्याचे पट्टे आवळलेले. होडीत गर्दी दिसली तर चढू नका. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि पाणी गढूळ, तेव्हा हा धंदा बंद असतो. त्या दिवसांत कोणी स्वस्तात नेतो म्हणाला तर त्याच्यापासून दूर राहा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला.

पैसे देण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारा:

१) प्रशिक्षकाकडे कोणत्या संस्थेचे प्रमाणपत्र आहे, आणि त्याचा क्रमांक काय?

२) एका प्रशिक्षकामागे पाण्यात किती जण? अनुभवाच्या बुडीत नवख्या माणसामागे एक प्रशिक्षक असलेला बरा.

३) आरोग्याचा फॉर्म आधी वाचायला मिळेल का?

४) होडीवर प्रथमोपचाराचा ऑक्सिजन आहे का?

५) सर्दी झाली किंवा डॉक्टरांनी नको म्हटले तर पैसे परत, की तारीख बदलून मिळेल? हे लिहून घ्या.

जो माणूस या प्रश्नांनी चिडतो त्याच्या होडीत बसू नये.

काही घरगुती सूचना. आदल्या रात्री दारू नको, पहाटे भरपेट पोहे नकोत, हलका नाश्ता करा. विडी-सिगारेटवाल्यांचा श्वास आधीच आखूड असतो. गुटखा-तंबाखू तोंडात ठेवून रेग्युलेटर धरता येत नाही, हे सांगावे लागते याचे वाईट वाटते. चष्मा मास्कमध्ये मावत नाही, नंबर जास्त असेल तर नंबरचा मास्क मिळतो का ते विचारा. दाट मिशीतून मास्कमध्ये पाणी झिरपते. केस घट्ट बांधा, मास्कच्या कडेत बट अडकू देऊ नका. साडी-ओढणी नको, अंगाला बसणारे कपडे हवेत. मासिक पाळीत उतरायला हरकत नाही, पण गरोदर भगिनींनी अजिबात उतरू नये. मुलीला "तू काठावर बस, भावाला जाऊ दे" असे म्हणू नका. पाण्यात दोघांचा जीव आणि दोघांची हवा सारखीच.

खाली गेल्यावर कशालाही हात लावू नये. दगड वाटतो तो प्रवाळ असतो, तो जिवंत प्राणी आहे, आणि तो वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. मालवणचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. आठवण म्हणून तुकडा आणणे हा गुन्हा ठरतो. शिवाय काही प्राण्यांचे काटे विषारी असतात.

पालक विचारतात, यात नोकरी आहे का? आहे, पण पहिल्या प्रमाणपत्रावर नाही. पॅडीचा प्रशिक्षक व्हायला १८ वर्षे वय आणि नोंदवलेल्या १०० बुड्या लागतात. त्याला वेळ आणि पैसा दोन्ही लागतो. समुद्रातील पाइप, जहाजे यांच्या दुरुस्तीचे काम करणारे पाणबुडे हा वेगळा व्यवसाय आहे, त्याचे प्रशिक्षणही वेगळे. हौशी प्रमाणपत्र दाखवून तशी नोकरी लावून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

आता त्या मुलाचे काय झाले ते सांगतो. तो फॉर्म त्याने आमच्याच टेबलावर बसून भरला आणि दम्याच्या प्रश्नापुढे 'होय' लिहिले. सरकारी रुग्णालयातील छातीच्या डॉक्टरांनी फुंकण्याची तपासणी केली आणि या वर्षी नको म्हणून सांगितले. औषध नियमित घे, पंप बंद करू नकोस, वर्षभराने पुन्हा ये, मग पाहू. मुलगा मित्रांबरोबर मालवणला गेला, किल्ला पाहिला, मित्र पाण्यात होते तेव्हा काठावर त्यांचे मोबाईल सांभाळत बसला. परत आल्यावर महिनाभर आमच्याशी बोलला नाही. जिन्यात समोर आला की खाली पाहून जायचा. आम्हीही काही बोललो नाही. राग यायला जिवंत माणूस लागतो.

या जूनमध्ये एका सकाळी तो दारात आला. हातात महानगरपालिकेच्या तरण तलावाचा प्रवेश अर्ज होता. म्हणाला, "काका, यातसुद्धा आजाराचा रकाना आहे. भरलाय. बघा बरोबर आहे का." आम्ही चष्मा लावून प्रत्येक रकाना तपासला. एकही मोकळा नव्हता.